पाचगणीचा ड्रमर

पुण्याला सिझलर खाऊ घालणाऱ्या ‘बाउंटी सिझलर्स’चे फरांग इराणी शाळकरी वयात चहाचं खोकं वाजवत. अक्षरशः खोकं! रिकामी लाकडी पेटी, तिच्यावर उभी काठी, काठीच्या टोकापासून पेटीपर्यंत ताणलेली दोरी. काठी ओढून दोरी ताणली की स्वर चढतो, सैल सोडली की उतरतो. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेतल्या पाच मुलांनी १९५८मध्ये काढलेल्या ‘द हेक्टिक्स’ या बँडचा बेस तो हाच. गायला ब्रूस मरे, गिटारवर डेरिक ब्रांच, पियानोवर फारुख बलसारा, म्हणजे पुढचा फ्रेडी मर्क्युरी. आणि ड्रमवर नेपाळचा व्हिक्टरी राणा.

फ्रेडीच्या खुणा शोधायला पसरणीचा घाट चढणारे पुष्कळ. मला मात्र कुतूहल आहे ते ड्रमवरच्या त्या मुलाचं. ही पोरं लिटल रिचर्ड, फॅट्स डोमिनो, क्लिफ रिचर्ड यांची गाणी वाजवत. त्या गाण्यांचा प्राण ठेक्यात आहे. आपला कान समेची वाट पाहतो, पहिल्या मात्रेला मान डोलावतो. रॉक अँड रोलमध्ये काडीचा खणखणीत फटका पडतो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. मात्रा चारच, पण वजन हललं की पाय आपोआप हलतात. हे वजन शेवटपर्यंत न ढळू देणं हे ड्रमरचं काम. तो चुकला तर पियानोवर कितीही हुशार बोटं असोत, गाणं कोसळतं. गायकाची चूक खपून जाते, ड्रमरची नाही. म्हणून पुढे जगाला वेड लावणाऱ्या त्या पियानोवाल्या मुलाला पहिला भक्कम आधार राणाच्या काड्यांनी दिला, असं मी मानतो.

१९६२च्या सुमारास बँड मोडला. झांझिबारमध्ये राहणारं बलसारा कुटुंब तिथल्या १९६४च्या क्रांतीनंतर लंडनला गेलं, ब्रांच ब्रिटनमध्ये नट झाला, इराणी सिझलरच्या धंद्यात आले. राणा सैन्यात गेला. तिथेही ड्रम होताच, फक्त वजन पुन्हा पहिल्या मात्रेवर, डाव्या पावलावर.

नेपाळी सैन्यातले मेजर जनरल व्हिक्टरी राणा १९९९ ते २००१ या काळात सायप्रसमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे सेनापती होते.