सुई ठेवण्यापूर्वी : टोनआर्मचे संतुलन

काही कुटुंबांनी शाळेच्या संगीतकक्षाला जुन्या रेकॉर्ड्स आणि एक रेकॉर्ड प्लेअर भेट दिला आहे. यांतील कित्येक रेकॉर्ड्स आता बाजारात मिळत नाहीत. म्हणून वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी व मदतीला येणाऱ्या पालकांनी पुढील माहिती अवश्य वाचावी.

रेकॉर्डवर सरकणाऱ्या दांड्याला टोनआर्म म्हणतात. त्याच्या पुढे कार्ट्रिज व सुई, मागे फिरणारे वजन; अगदी तराजूची दांडी! प्रथम अँटी-स्केटिंगची चकती शून्यावर ठेवावी, सुईचे आवरण काढावे आणि दांडा हवेत आडवा तरंगेपर्यंत मागचे वजन हळूहळू फिरवावे. मग वजन स्थिर धरून फक्त आकड्यांची कडी शून्यावर आणावी. त्यानंतर वजन व कडी एकत्र फिरवून कार्ट्रिजच्या कंपनीने सांगितलेला भार द्यावा. उदाहरणार्थ, ऑर्टोफोनच्या टू-एम रेडसाठी तो १.८ ग्रॅम आहे.

भार जितका कमी तितकी रेकॉर्ड सुरक्षित, असे पुष्कळांना वाटते. हे खरे नाही. हलकी सुई खाचेच्या भिंती नीट धरत नाही. जोरदार स्वर आला की उसळते आणि भिंतीवर आदळून तिला कायमची इजा करते. मग तो स्वर दर वेळी फाटकाच ऐकू येणार. जास्त भाराने झीज होते हे खरेच, पण दिलेल्या मर्यादेत थोडा वरचा आकडा मला अधिक बरा वाटतो.

रेकॉर्ड फिरताना घर्षणामुळे वाकडा दांडा मध्याकडे ओढला जातो व सुई आतल्या भिंतीवर जास्त दाबते. ही ओढ अँटी-स्केटिंग सावरते. त्याचा आकडा साधारणतः भाराइतकाच ठेवतात. उजव्या बाजूचा आवाज आधी फाटू लागला तर तो किंचित वाढवून पाहावा.

लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्ड्स मात्र या सुईने वाजवू नयेत. त्यांची खाच एल.पी.पेक्षा बरीच रुंद असते, त्यामुळे बारीक सुई तळाशी जाऊन खरखर करते. उलट, जुन्या चावीच्या ग्रामोफोनवर एल.पी. कधीही लावू नये; त्याच्या लोखंडी सुईवर शंभराहून अधिक ग्रॅम भार असतो. ७८च्या सर्व रेकॉर्ड्स वेगळ्या कपाटात ठेवल्या आहेत. त्यांच्यासाठी रुंद सुई येईपर्यंत ते कपाट बंद राहील.