व्हर्नी घराणे : राजा आणि संसद यांच्यामध्ये

राल्फ व्हर्नीचा जन्म 1613 सालचा. इंग्लंडमधल्या बकिंगहॅमशर परगण्यातील मिडल क्लेडन ही या घराण्याची जहागीर. वडील सर एडमंड राजा पहिला चार्ल्स याच्या पदरी होते आणि संसदेतही बसत. 1640 मध्ये राल्फ एल्सबरीतून निवडून आला. त्या वादळी संसदेतील चर्चेची त्याने पेन्सिलीने केलेली टिपणे आजही अभ्यासकांना उपयोगी पडतात.

1642 मध्ये राजा आणि संसद यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा राल्फ संसदेच्या बाजूने राहिला. वडिलांना राजाची धोरणे पटत नव्हती, पण खाल्लेल्या मिठाला जागणे त्यांना भाग होते. एजहिलच्या लढाईत राजाचे निशाण हाती असताना ते पडले. त्यांचा मृतदेह कधीच सापडला नाही. राल्फचा धाकटा भाऊ, त्याचेही नाव एडमंड, राजाच्याच बाजूने लढला आणि 1649 मध्ये आयर्लंडमध्ये द्रोएडा येथे मारला गेला.

राल्फला मात्र संसदेचाही प्रत्येक हुकूम मानवला नाही. चर्चच्या फेररचनेसाठी स्कॉटलंडशी झालेल्या कराराची शपथ सदस्यांना सक्तीची झाली, तेव्हा ती न घेता तो 1643 मध्ये बायकोमुलांसह फ्रान्सला निघून गेला. संसदेने त्याचे सदस्यत्व काढून घेतले. जहागिरीवर जप्ती आली.

ती जप्ती उठवली पत्नी मेरीने. पोरकी पण श्रीमंत वारस असलेली ही मुलगी तेराव्या वर्षी व्हर्नींच्या घरात आली होती. 1646 मध्ये ती एकटी लंडनला परतली आणि महिनोन्‌महिने खासदारांच्या गाठीभेटी घेत राहिली. याच काळात तिला मुलगा झाला आणि काही महिन्यांत गेला. तिकडे फ्रान्समधल्या ब्ल्वामध्ये मुलगी पेगही दगावली. एवढे सोसून 1648 च्या आरंभी तिने जहागीर सोडवलीच. घराणे टिकले याचे मोठे श्रेय तिचे आहे. 1650 मध्ये परदेशातच तिचे निधन झाले. तिचा देह क्लेडनला आणण्यात आला.

राल्फ 1653 मध्ये परतला, पण त्याने पुन्हा लग्न केले नाही. राजेशाही संपवून आलेल्या ऑलिव्हर क्रॉमवेलच्या राजवटीत त्याला कैद झाली; राजेशाही परत आल्यावर 1661 मध्ये बॅरोनेट हा किताब मिळाला आणि पुढे तो बकिंगहॅमतर्फे पुन्हा संसदेत गेला. थोरला मुलगा वडिलांच्या हयातीतच वारल्यामुळे 1696 मध्ये जहागीर आली ती अलेप्पोत व्यापार करून आलेल्या धाकट्या जॉनकडे.

राल्फ कागद जपून ठेवणारा होता. त्यामुळे त्या शतकातील या कुटुंबाची 30,000 हून अधिक पत्रे उरली. फ्लोरेन्स नाइटिंगेलची बहीण पार्थेनोपी या घरात लग्न होऊन आली, आणि त्या पत्रांतून तिने घराण्याचा इतिहास जुळवायला घेतला. 1892 पासून तो खंडशः प्रसिद्ध झाला.