सव्वा महिना थांबू नका

घोडेगावच्या म्हशींच्या बाजाराच्या दिवशी दवाखान्यात आसपासच्या गावांतील रुग्णांची गर्दी असते. बाजाराला आले की दुखणेही दाखवून जायचे, ही जुनी रीत. अशाच एका दिवशी एक आजीबाई सुनेला आणि तीन वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. ‘‘डॉक्टरसाहेब, पोरगं अजून बोलत नाय. पण याचा मामाबी उशिरानंच बोलला व्हता,’’ असे त्या म्हणाल्या.

मी मुलाच्या पाठीमागे जाऊन जोरात टाळी वाजवली. त्याने वळून पाहिले नाही. पुढे अहिल्यानगरला त्याची ‘बेरा’ ही श्रवणतपासणी झाली आणि दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नसल्याचे निश्चित झाले. त्याच्या आईने मला दोन प्रश्न विचारले. ‘‘माझं काही चुकलं का? आणि हे कशामुळं झालं?’’ पहिल्याचे उत्तर सोपे होते. तिचे काहीही चुकले नव्हते. दुसऱ्याचे उत्तर मात्र मला देता आले नाही, कारण ते शोधण्याची वेळ निघून गेली होती.

जन्मजात बहिरेपणाची कारणे अनेक आहेत. काही आनुवंशिक असतात. कमी दिवसांचे बाळ, तीव्र कावीळ ही आणखी काही. परंतु आनुवंशिक कारणे सोडली तर सर्वांत मोठ्या कारणाचे नाव आपल्याकडे फारसे कोणी ऐकलेले नसते. ते म्हणजे सायटोमेगालोव्हायरस, थोडक्यात ‘सीएमव्ही’ नावाचा विषाणू. तो लाळेतून, लघवीतून पसरतो. मोठ्या माणसाला झाला तर बहुधा साधी सर्दी-कणकण, तीही नाही. गरोदरपणात मात्र तो वारेतून बाळापर्यंत पोहोचू शकतो. अमेरिकेत सुमारे दर २०० नवजात बाळांमागे एकाला हा संसर्ग असतो. अशा पाच बाळांपैकी साधारण एकाला पुढे बहिरेपणा किंवा वाढीतील दोष राहतो.

आपल्या देशात बहुतेक स्त्रियांना हा संसर्ग लहानपणीच होऊन गेलेला असतो. म्हणून धोका संपला असे नाही. शरीरात दबून राहिलेला विषाणू पुन्हा डोके वर काढतो किंवा त्याच विषाणूचा दुसरा प्रकार बाहेरून येतो. म्हणूनच आईच्या रक्ताच्या ‘टॉर्च’ तपासणीवरून बाळाला संसर्ग आहे की नाही हे ठरत नाही. तपासायचे ते बाळालाच.

ही तपासणी अवघड नाही. बाळाची लघवी किंवा लाळ घेऊन पीसीआर करतात. कोरोनाच्या काळात हे नाव घरोघरी पोहोचलेच आहे. अट एकच, नमुना जन्मापासून २१ दिवसांच्या आत घ्यायचा. जन्मानंतरही हा विषाणू आईच्या दुधातून किंवा घरातील माणसांकडून बाळाला मिळू शकतो. पूर्ण दिवसांच्या बाळाला त्याने सहसा अपाय होत नाही, तेव्हा या भीतीने अंगावरचे दूध मुळीच बंद करू नये. पण २१ दिवसांनंतर विषाणू सापडला तर तो पोटातला की नंतरचा, हे सांगता येत नाही.

इथेच आपली रीत आडवी येते. सव्वा महिना बाळ-बाळंतिणीला घराबाहेर काढायचे नाही. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणजे नोंद एका गावात आणि बाळ दुसऱ्या गावात. सव्वा महिना संपून बाळ दवाखान्यात येते, तेव्हा २१ दिवस केव्हाच उलटलेले असतात.

संसर्ग वेळेत कळल्याने काय साधते? ज्या बाळांमध्ये लक्षणे आहेत त्यांना पहिल्या महिन्यात व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर हे औषध सुरू करून सहा महिने देतात. त्याने श्रवण व वाढ काही प्रमाणात सुधारते. पांढऱ्या पेशी कमी होण्याचा धोका असल्याने तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वारंवार रक्त तपासावे लागते. दुसरे असे, की काही बाळांना जन्मतः नीट ऐकू येते आणि श्रवण पुढे कमी होत जाते. संसर्ग माहीत असेल तर त्यांचे कान पुन्हा पुन्हा तपासता येतात आणि बोलणे शिकण्याच्या वयातच श्रवणयंत्र देता येते.

अमेरिकेतील युटा राज्याने २०१३ मध्ये कायदा करून श्रवणतपासणीत नापास होणाऱ्या बाळांची ही तपासणी बंधनकारक केली. कॅनडातील ओंटारिओ प्रांताने २०१९ पासून टाचेच्या रक्ताच्या थेंबावर ती करण्यास आरंभ केला. मिनेसोटा राज्याने २०२३ पासून प्रत्येक बाळाची तपासणी सुरू केली. आपल्याकडे अशी सक्ती नाही.

सर्वच बाळांच्या तपासणीला एक आक्षेप घेतला जातो. संसर्ग असलेली बहुतेक बाळे धडधाकट राहतात, मग त्यांच्या आईबापांना घोर का लावायचा? आक्षेप अगदीच चुकीचा नाही. म्हणून आपण युटाच्या पायरीपासून सुरुवात करावी असे मला वाटते. प्रत्येक बाळाचे कान जन्मानंतर लगेच तपासावेत आणि जे नापास होईल त्याची सीएमव्ही तपासणी २१ दिवसांत सक्तीने व्हावी. उशिरा बहिरी होणारी बाळे यातून निसटतील, हे खरे. तरी आजच्यापेक्षा ते पुष्कळ बरे.

त्यासाठी पाया तयार आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघर येथे सुरू झाला. जन्मजात बहिरेपणा त्याच्या यादीत आहे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला भेटायला आशाताई ३, ७, १४ आणि २१ व्या दिवशी घरी येतातच. गरज आहे ती १४ व्या दिवशीच ‘कान तपासले का?’ हे विचारण्याची.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर वाचकांनी एवढे करावे. प्रसूतीनंतर घरी निघण्यापूर्वी बाळाच्या कानांची तपासणी मागावी. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटे बोंडूक ठेवून ती काही मिनिटांत होते. नापास झाल्यास ‘नंतर बघू’ न म्हणता बारशाच्या आत बालरोगतज्ज्ञांना गाठून सीएमव्हीबद्दल विचारावे. घरात लहान मूल असलेल्या गरोदर बाईने त्याचा शेंबूड पुसल्यावर, शी-शू काढल्यावर साबणाने हात धुवावेत आणि त्याचे उष्टे खाऊ नये. या विषाणूवर अजून लस नाही.

त्या मुलाला आता श्रवणयंत्र मिळाले आहे. तो हळूहळू आवाजाकडे वळू लागला आहे. त्याच्या आईच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र आता कधीच मिळणार नाही. तुमच्या घरी पाळणा हलणार असेल, तर त्या २१ दिवसांची खूण आजच कालनिर्णयवर करून ठेवा.