मत्स्यश्लेष्मा व सूक्ष्मजंतूंचे आकर्षण
माशाची त्वचा, क्लोम (कल्ले) व आतडे यांच्या पृष्ठभागावर पसरणाऱ्या बुळबुळीत स्रावास मत्स्यश्लेष्मा म्हणतात. पाणी व शर्करायुक्त प्रथिने हे त्याचे मुख्य घटक होत. लायसोझाइम, प्रतिपिंडे इ. सूक्ष्मजंतुरोधक द्रव्येही त्यात असतात. जुना थर सतत झडून नवा तयार होत असल्याने त्याला चिकटलेले सूक्ष्मजंतू वाहून जातात. तथापि हेच संरक्षक आवरण काही रोगकारक सूक्ष्मजंतूंना माशाकडे येण्याची वाटही दाखविते.

श्लेष्म्यातील ॲमिनो अम्ले, शर्करा इ. पदार्थ पाण्यात विरघळतात. माशाजवळ त्यांची संहती अधिक व दूर कमी असते. सूक्ष्मजंतूच्या पटलातील ग्राही प्रथिने हा फरक टिपतात. शरीर अतिसूक्ष्म असल्याने तो क्षणापूर्वीच्या व आताच्या संहतीची तुलना करतो. संहती वाढत असल्यास तो त्याच दिशेने पोहत राहतो, घटल्यास दिशा बदलतो. या हालचालीस रसायनानुचलन म्हणतात. ती मोजण्यासाठी परीक्ष्य पदार्थाने भरलेली केशनलिका सूक्ष्मजंतूंच्या निलंबनात ठेवून आत शिरलेले जंतू मोजतात. ही पद्धत व्हिल्हेल्म फेफर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात वापरली व पुढे जूलियस ॲड्लर यांनी ती प्रमाणित केली.

समुद्री माशांना व्हिब्रिओ रोग जडविणारा *व्हिब्रिओ अँग्विलॅरम* हा जंतू एका ध्रुवीय कशाभिकेने पोहतो व ट्राउटच्या श्लेष्म्याकडे ओढला जातो. त्याचे रसायनानुचलनास अक्षम उत्परिवर्तित वाण तयार करून इंद्रधनुषी ट्राउटवर प्रयोग करण्यात आले (१९९६). जंतुयुक्त पाण्यात मासे बुडविले असता या वाणांची रोगकारकता फार घटलेली आढळली. उदरपोकळीत टोचले असता मात्र ती मूळ वाणाइतकीच राहिली. यावरून रसायनानुचलनाची गरज पाण्यातून माशाच्या शरीरात प्रवेश होईपर्यंतच्या टप्प्यात असते, हे स्पष्ट झाले. *फ्लॅव्होबॅक्टिरियम कॉलम्नेअर* या गोड्या पाण्यातील जंतूला कशाभिका नसते, तो पृष्ठावर सरपटतो. तोही चॅनेल कॅटफिशच्या त्वचाश्लेष्म्याकडे आकर्षित होतो.

आकर्षण म्हणजे संसर्ग नव्हे. चिकटणे, वाढणे व ऊतींत शिरणे हे टप्पे त्यानंतरचे होत. जाळ्यातील घर्षणाने वा निष्काळजी हाताळणीने श्लेष्मा खरवडला गेल्यास हे टप्पे सुकर होतात. म्हणून मत्स्यसंवर्धनात मासे ओल्या हातांनी व कमीत कमी वेळा हाताळणे इष्ट ठरते. तसेच जंतूची रोगकारकता केवळ टोचून तपासल्यास आकर्षणाचा हा टप्पा वगळला जातो. त्यासाठी माशांना जंतुयुक्त पाण्यात ठेवूनही परीक्षा करणे आवश्यक असते.