काचेवर पाणी का येत नाही?

मृगाची पहिली सर पडून गेलेली असते. घाटात पुढच्या ट्रकच्या चाकांनी उडवलेला चिखल तुमच्या मोटारीच्या काचेवर येऊन बसतो. तुम्ही वायपर फिरवता आणि अर्धामुर्धा दिसणारा रस्ताही दिसेनासा होतो, कारण चिखल सारवल्यासारखा काचभर पसरतो. अशा वेळी पाण्याची एक चिळकांडी हवी असते, आणि जुन्या गाडीत नेमकी तीच येत नाही. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांत 50 मीटर पुढे जाते. तेवढा रस्ता तुम्ही न पाहता कापलेला असतो.

बहुतेक लोक म्हणतात, ‘पंप गेला.’ मेकॅनिकही नवा पंप बसवून मोकळा होतो. मी तर्कशास्त्र शिकवणारा माणूस. मला हा निष्कर्ष फार घाईचा वाटतो. पंप हा शेवटचा संशयित. त्याच्याआधी पुष्कळांची चौकशी व्हायची असते.

1983 साली निघालेल्या आणि 2014 साली बंद झालेल्या मारुती 800 सारख्या गाडीत रचना साधी असते. प्लॅस्टिकची टाकी, तिच्या तळाशी विजेवर चालणारा लहानसा पंप, तिथून निघालेली नळी आणि शेवटी काचेच्या खाली तोटी. इंजिन बंद ठेवून किल्ली ‘ऑन’वर फिरवा, कुणाला तरी आत बसवून बटण दाबायला सांगा, आणि तुम्ही टाकीपाशी कान लावा. पंपाची घरघर ऐकू आली तर वीज पोचते आहे. खोट पाण्याच्या वाटेत शोधा. शांतता असेल तर विजेच्या वाटेत. एका कानाने निम्मे काम झाले!

घरघर आहे आणि पाणी नाही, तर आधी टाकीत पाणी आहे ना ते बघा. हसू नका, पुष्कळदा नसतंच. मग तोटीपाशी नळी काढून पुन्हा बटण दाबा. नळीतून धार आली तर तोटी बुजलेली आहे. बोअरचे जड पाणी टाकीत भरणाऱ्यांच्या तोट्यांत क्षारांची पांढरी पुटं बसतात. बारीक टाचणीने छिद्र हळूच मोकळे करावे. जोर केला तर भोक मोठे होऊन धारेचा जोर जातो. नळीतूनही पाणी येत नसेल तर ती कुठे चिरली आहे, निसटली आहे, वाकून दबली आहे का ते पाहा. टाकीच्या तळाशी शेवाळाचा गाळ साचून पंपाचे तोंडच बंद होते, हेही नेहमीचेच.

आता शांततेची बाजू. फ्यूज पाहा. काही गाड्यांत वायपर आणि पंप यांचा फ्यूज एकच असतो. तिथे वायपर फिरत असेल तर फ्यूजवर खापर फोडू नये. मग पंपाचे कनेक्टर काढा. टाकी झिरपत असली की त्याच्या पितळी पट्ट्यांवर हिरवा कळंक चढतो, घरच्या पितळी भांड्यांवर चढतो तसाच. तो खरवडून पुन्हा जोडले तरी पुष्कळ पंप जिवंत होतात! नाही झाला, तर 12 व्होल्टचा बल्ब दोन तारांना जोडून त्या कनेक्टरला लावा आणि बटण दाबायला सांगा. बल्ब पेटला नाही तर त्याची एक तार गाडीच्या पत्र्याच्या उघड्या जागी टेकवा आणि दुसरी कनेक्टरच्या दोन्ही टोकांना पाळीपाळीने लावून पाहा. आता पेटला, तर अर्थची तार तुटली आहे. तरीही अंधारच, तर बटण किंवा मधली तार. पहिल्याच खेपेला पेटला, म्हणजे वीज दारापर्यंत आलेली आहे आणि घरातला माणूस उठत नाही.

तरी लगेच नवा आणायला जाऊ नका. महिनोन् महिने न वापरलेली मोटर आतून चिकटते. बटण दाबलेले असताना स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पंपाला हलके दोन टोले द्या. पुष्कळदा चालू होते, पण हा उपाय तात्पुरताच धरा.

नवाच बसवायची वेळ आली तर टाकी आधी रिकामी करा आणि जुन्या पंपाच्या कोणत्या टोकाला कोणती तार होती याची खूण करून ठेवा. उलट जोडल्यास पंप उलटा फिरतो आणि धार मरते. रबरी वायसर साबणाच्या पाण्याने ओला केला की पंप अंगठ्याच्या दाबाने आत बसतो. आणि आधी टाकी भरा, मग बटण दाबा. हे पंप कोरडे चालले की लवकर खराब होतात.