जुनी मोटार आणि निवृत्तिवेतन

हसनाबादेसारख्या गांवीं निवृत्त शिक्षकानें जुनी विलायती मोटार बाळगणें म्हणजे दारीं हत्ती बांधणें, असें लोक म्हणतात. तरी माझी मॉरिस ऑक्सफर्ड अजून चालते. हिच्याच १९५६ सालच्या साच्यावरून उत्तरपाड्यास अ‍ॅम्बॅसडर निघाली आणि ती २०१४ पर्यंत बनत होती. त्यामुळें हिला लागणारे पुष्कळ भाग जुन्या बाजारांत माफक किंमतींत मिळतात.

परंतु भागांपेक्षां हयगय महाग पडते. एका उन्हाळ्यांत मीं रेडिएटरमध्यें विहिरीचें जड पाणी ओतीत राहिलों. अशा पाण्यांतील क्षार तापून नळ्यांत सांचतात, पाणी खेळेनासें होतें, एंजिन अति तापतें आणि हेड-गॅस्केट जातें. चार पैसे वांचविले. महिन्याचें वेतन गमावलें.

तेव्हांपासून माझा नेम ठरला आहे: रेडिएटरला क्षारविरहित पाणी व कूलंट, पुढील चाकांच्या सांध्यांना वेळच्या वेळीं ग्रीस, ठराविक मैलांनंतर नवें तेल, आणि आठवड्यांतून एक फेरी, कारण उभ्या मोटारीची बॅटरी उतरते व ब्रेकची रबरें आखडतात.

रोजचा थोडा अभ्यास परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या जागरणाहून स्वस्त पडतो, असें मीं मुलांना जन्मभर सांगितलें. मला तें या मोटारीनें म्हातारपणीं शिकविलें.