विद्यार्थी समाधानी आहेत का? प्रश्नावली करण्याआधी थोडं थांबा

मागच्या आठवड्यात एका ज्युनिअरचा फोन आला. पेट पास झाली आहे, आता सिनॉप्सिसची घाई. "ताई, विषय फायनल झाला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचं समाधान. अध्यापन, कॅम्पसवरच्या सोयी आणि व्यक्तिमत्त्व विकास. पन्नास प्रश्नांचा गुगल फॉर्म करते, अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या ग्रुपवर टाकते, तीनशे रिस्पॉन्स आले की एसपीएसएसला देते. चालेल ना?"

मी म्हटलं, चालेल, पण त्यातून निघेल काय? ती गप्प झाली. त्या दिवशी फोनवर जे बोलणं झालं तेच इथे नीट लिहून काढते आहे, कारण हा विषय घेणारे दरवर्षी बरेच जण असतात आणि बहुतेकांचा निष्कर्ष एकच असतो: "विद्यार्थी सर्वसाधारणपणे समाधानी आहेत."

आधी माझंच सांगते. मी एमएस्सी करत असताना वर्षअखेरीला आमच्याकडून एक फीडबॅक फॉर्म भरून घ्यायचे. वर रोल नंबर लिहायचा, आणि गोळा करायला तेच सर उभे, ज्यांच्या हातात इंटर्नलचे मार्क. आमच्या लॅबमधला स्पेक्ट्रोफोटोमीटर वर्षभर बंद होता. रीडिंग्ज आम्ही मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवायचो. तरी "प्रयोगशाळेतील सुविधा" या ओळीपुढे मी "उत्कृष्ट"वर खूण केली. सगळ्यांनीच केली. पुढे कळलं की यंत्राच्या दुरुस्तीचा विषय निघाला तेव्हा फीडबॅकचा तक्ता काढून दाखवला गेला: मुलांची तर काहीच तक्रार नाही! म्हणजे आमच्याच खुणांनी आमचं यंत्र बंद ठेवलं. म्हणून चुकीचं मोजमाप हे न मोजण्यापेक्षा वाईट, असं मला मनापासून वाटतं.

समाधान म्हणजे नक्की काय मोजतोय?

रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० मध्ये ग्राहकांच्या समाधानाबद्दल एक साधी मांडणी केली. माणूस आधी काही अपेक्षा धरतो, मग अनुभव घेतो, आणि या दोन्हींतल्या फरकावर त्याचं समाधान ठरतं. अनुभव अपेक्षेपेक्षा बरा निघाला की समाधान, कमी पडला की नाराजी. ऐकायला सोपं आहे, पण याचा परिणाम मोठा आहे: समाधानाचा आकडा फक्त कॉलेजबद्दल बोलत नाही, तो विद्यार्थी कुठून आला याबद्दलही बोलतो.

आता अवसरी खुर्द डोळ्यांसमोर आणा. आंबेगाव तालुका, मंचरजवळ, पुणे–नाशिक महामार्गाच्या पट्ट्यात. इथलं शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय २००९ साली सुरू झालं, गावात शासकीय तंत्रनिकेतनही आहे. प्रवेश सीईटी आणि कॅप राउंडमधून, म्हणजे मुलं राज्यभरातून येतात. एक मुलगा पुण्यातला, त्याचं पहिलं प्राधान्य शिवाजीनगरचं सीओईपी होतं. काही मार्कांनी हुकलं आणि तो इथे आला. दुसरी मुलगी घोडेगावच्या बाजूची. घराजवळ, सरकारी फीमध्ये इंजिनिअरिंग मिळालं म्हणून घरात पेढे वाटले गेले. दोघं एकाच बाकावर बसून एकच लेक्चर ऐकतात. तो ५ पैकी २ देतो, ती ५ पैकी ४. यातला कुठला आकडा अध्यापनाचा आणि कुठला कॅप राउंडचा?

यासाठी प्रश्नावलीच्या सुरुवातीलाच एक साधा प्रश्न टाका: "हे कॉलेज तुमच्या पसंतिक्रमात कितव्या क्रमांकावर होतं?" एवढ्या एका चलामुळे विश्लेषण कितीतरी शहाणं होतं. मी वाचलेल्या प्रबंधांत लिंग, वय, शाखा, वडिलांचं उत्पन्न हे सगळं असतं, पण हा प्रश्न क्वचितच.

तयार प्रश्नावली उचलण्याआधी

बहुतेक जण नॅकची विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाची प्रश्नावली उचलतात. नॅक म्हणजे बंगळुरूची राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद, स्थापना १९९४. २०१७ साली मूल्यांकनाची चौकट बदलली तेव्हा हे ऑनलाइन सर्वेक्षण तिचा भाग झालं. एकूण २१ प्रश्न. पहिल्या २० ना ० ते ४ गुण, आणि शेवटचा खुला, त्यात सुधारणेसाठी सूचना लिहायच्या.

प्रश्नावली वाईट नाही, पण ती मूल्यांकनासाठी बनली आहे, तुमच्या संशोधनप्रश्नासाठी नाही. नीट वाचून बघा. पहिलाच प्रश्न वर्गात अभ्यासक्रम किती टक्के शिकवून झाला हा आहे. हा समाधानाचा प्रश्नच नाही, ही वस्तुस्थितीची आठवण आहे. एकाच वर्गातल्या मुलांची उत्तरं वेगळी आली तर त्यातून समाधान कळत नाही, कोण किती लेक्चरला बसलं एवढंच कदाचित कळतं.

आणखी एक प्रश्न असा आहे की संस्थेतली अध्यापन आणि मार्गदर्शनाची प्रक्रिया तुमच्या बौद्धिक, सामाजिक आणि भावनिक वाढीला मदत करते का. मोजा: अध्यापन, मार्गदर्शन, बौद्धिक, सामाजिक, भावनिक. एका वाक्यात पाच गोष्टी आणि उत्तराला एकच गोल. एखाद्याला शिकवणं आवडलं पण त्याचा मेंटॉर वर्षभर भेटलाच नाही, तर त्याने कुठे खूण करायची? तो मधला पर्याय निवडतो. मग आपण प्रबंधात लिहितो की "प्रतिसाद तटस्थ आढळला". मुलगा तटस्थ नव्हताच, त्याला एकाच वेळी हो आणि नाही म्हणायचं होतं.

सर्व्हक्वाल हे दुसरं लाडकं साधन. पारशुरामन, झाइथमल आणि बेरी, १९८८. २२ विधानं आणि पाच परिमाणं: भौतिक सोयी, विश्वासार्हता, तत्परता, खात्री आणि आपुलकी. तेही मुळात बँका, दुरुस्तीसेवा अशा धंद्यांसाठी. हॉस्टेल, ऑफिस, वाचनालय या भागासाठी ते बऱ्यापैकी बसतं. अध्यापनासाठी मात्र सांभाळून, कारण विद्यार्थी हा निव्वळ ग्राहक नसतो. स्वतः अभ्यास न करता चांगलं शिक्षण "विकत" मिळत नाही.

इथे हार्वर्डमधला एक प्रयोग सांगायलाच हवा. २०१९ साली लुई देलॉरिए आणि सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. पदार्थविज्ञानाच्या प्रास्ताविक वर्गातल्या मुलांचे दोन गट केले. एका गटाला उत्तम, ओघवतं व्याख्यान, दुसऱ्याला त्याच विषयावर गटात बसून उदाहरणं सोडवायला लावली. चाचणीत दुसरा गट पुढे, पण "आम्ही जास्त शिकलो" असं वाटणारा गट पहिला! डोकं खाजवायला लागलं की शिकताना त्रास होतो, आणि त्या त्रासाला मुलं "नीट शिकवलं नाही" असं समजतात. म्हणून अध्यापनाविषयीचं समाधान हे अध्यापनाच्या गुणवत्तेचं माप म्हणून छापू नका. ते समाधानच आहे, त्याला समाधानच म्हणा.

सोयी: सरासरीचा घोळ

हा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो, कारण इथे गाव बोलायला लागतं.

समजा १०० मुलांना विचारलं, मेसबद्दल किती समाधानी? ० ते ४. यातले ६० जण मंचर, नारायणगाव, खेड अशा भागांतून एसटीने किंवा गाडीवर ये-जा करतात. ते घरचा डबा खातात आणि मेसपुढे काहीतरी म्हणून ३ टाकतात. हॉस्टेलवरचे ४० जण रोज दोन्ही वेळ तिथेच जेवतात, ते १ टाकतात. सरासरी आली २.२. प्रबंधात वाक्य येतं: मेसबाबत मध्यम समाधान. प्रत्यक्षात तिथे जेवणाऱ्या एकालाही ती मध्यम वाटत नाही!

उपाय अवघड नाही. आधी विचारा, "ही सोय तुम्ही आठवड्यातून किती वेळा वापरता?" आणि प्रत्येक सोयीपुढे "लागू नाही" हा पर्याय ठेवा. नुसती सरासरी देऊ नका, वितरण दाखवा. २० जणांनी ४ आणि २० जणांनी ० दिलं तरी सरासरी २, आणि चाळीसही जणांनी २ दिलं तरी सरासरी २. ही दोन कॉलेजं एक नाहीत.

दुसरं, तुमच्या जागेचे प्रश्न तुम्हालाच घालावे लागतील. परदेशी किंवा दिल्लीत बनलेल्या प्रश्नावलीत सुरक्षिततेखाली सीसीटीव्ही आणि रॅगिंग येईल, बिबट्या येणार नाही. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात. उसाच्या शेतीमुळे हा पट्टा बिबट्यांसाठी ओळखला जातो आणि जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्रच आहे. इथे "वाचनालय रात्री उशिरापर्यंत उघडं असतं का?" एवढं विचारून भागत नाही. "अंधार पडल्यावर वाचनालयातून खोलीवर परतताना तुम्हाला सुरक्षित वाटतं का?" हे विचारावं लागतं. वाचनालय उघडं असूनही मुली साडेसहाला उठून जात असतील, तर कागदावर सोय आहे आणि वापरात नाही. तसंच शेवटच्या एसटीचं. प्रॅक्टिकल कधी संपतं आणि स्टँडवर गाडी कधी आहे, याचा समाधानाशी थेट संबंध असतो.

हे प्रश्न खोलीत बसून सुचत नाहीत. फॉर्म करण्याआधी आठ-दहा मुलांशी चहाच्या टपरीवर बोला. त्या गप्पांची रीतसर टिपणं काढा, ती तुमच्या प्रबंधात गुणात्मक टप्पा म्हणून जातात.

फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये नोकरीबद्दल म्हटलेली गोष्ट इथेही उपयोगी पडते: काही गोष्टी नसल्या तर माणूस चिडतो, पण असल्या म्हणून खूश होत नाही. हॉस्टेलचं पाणी तसं आहे. पाणी आलं म्हणून कोणी कॉलेजच्या प्रेमात पडत नाही. म्हणून पाणी आणि चांगला गाईड यांचे गुण एकत्र करून "एकूण समाधान" काढणं मला पटत नाही. इंग्लंडमध्ये तर २००५ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय विद्यार्थी सर्वेक्षणातून २०२३ साली "एकूण समाधान" हा प्रश्न चक्क काढून टाकला.

वाढ झाली, पण कशामुळे?

व्यक्तिमत्त्व विकासाचा भाग सगळे शेवटी घाईत उरकतात, आणि तोच सर्वांत निसरडा. "कॉलेजमुळे माझा आत्मविश्वास वाढला" या विधानाला अठरा ते बावीस वयातलं जवळपास कोणीही हो म्हणेल. चार वर्षांत माणूस मोठा होतोच, कॉलेज असो वा नसो.

मग पहिल्या आणि शेवटच्या वर्षाची तुलना करू, असं सुचतं. करा, पण दोन अडचणी लिहून ठेवा. जे मध्येच सोडून गेले ते शेवटच्या वर्षात नाहीत, म्हणजे उरलेले आधीच जरा टिकाऊ. आणि डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं शेवटच्या वर्षात आहेत, पहिल्या वर्षात नाहीत. तुलना दोन वेगळ्या गटांची होते.

"आत्मविश्वास"सारख्या मोठ्या शब्दाऐवजी कृती विचारा. मागच्या सहा महिन्यांत वर्गासमोर उभं राहून किती वेळा बोललात? न समजलेली गोष्ट शिक्षकांना स्वतः जाऊन विचारली का? अॅलेक्झांडर ॲस्टिन यांचा १९८४ चा सहभागाचा सिद्धान्त याच दिशेचा आहे: विद्यार्थी किती वेळ आणि किती जीव ओततो, त्यावर त्याची वाढ ठरते.

भाषेचंही बघा. वर्गात इंग्रजी आणि खोलीवर मराठी असलेल्या मुलांना इंग्रजी विधानं दिली की ती शब्द ओळखतात, अर्थ अंदाजाने लावतात. मराठी रूप द्या. एकाने भाषांतर करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत करायचं आणि दोन्ही ताडून बघायचं.

आता ते तीनशे रिस्पॉन्स

यामाने यांचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं. विद्यार्थी १२०० धरले आणि त्रुटी ०.०५, तर १२०० भागिले ४, म्हणजे ३००. उत्तर बरोबर, पण ते सूत्र यादृच्छिक नमुन्यासाठी आहे. ग्रुपवर लिंक टाकून आलेले तीनशे म्हणजे ज्यांना वेळ होता, राग होता किंवा तुमची मैत्रीण ज्यांच्या वर्गात आहे ते. हजेरीपटावरून शाखा आणि वर्षानुसार नावं चिठ्ठ्यांनी काढा, मग दीडशे आले तरी ते जास्त कामाचे. क्रॉनबॅक अल्फा ०.९ आला म्हणून लगेच खूश होऊ नका. पन्नास प्रश्न एकत्र टाकले की तो फुगतोच. तीन भागांचा वेगवेगळा काढा.

आणि नाव गुप्त ठेवणं म्हणजे फक्त नाव न विचारणं नव्हे. फॉर्ममधली ईमेल गोळा करण्याची सोय बंद करा. शाखा, वर्ष, लिंग, गाव हे चारही विचारलं आणि मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला मुली चारच असतील, तर ते उत्तर कोणाचं हे विभागात कोणालाही सांगता येईल. असे छोटे गट तक्त्यात एकत्र करा. शिक्षकांना फॉर्म वाटायला लावू नका, स्वतः जा, आणि ते बाहेर गेल्यावरच द्या. प्राचार्यांची लेखी परवानगी घेताना हेही त्या पत्रातच लिहा, म्हणजे आयत्या वेळी वाद होत नाही.

ज्युनिअरने परवा नवा मसुदा पाठवला. पन्नासाचे सव्वीस प्रश्न झालेत, बिबट्याचा प्रश्न आहे, शेवटच्या एसटीचाही. रोल नंबरचा रकाना मात्र अजून तसाच होता. तो लाल पेनने खोडून परत पाठवला आहे.